वह्या परत आणा : आमच्या क्लबच्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद यांस,

स. न. वि. वि.

आपल्या क्रिकेट क्लबची जुनी स्कोअरबुकं रद्दीत काढली जात आहेत, त्याबद्दल या मजकुराचा अर्ज मी ऑफिसात दोनदा नेऊन दिला. पहिल्या वेळी सचिवसाहेब म्हणाले, "मीटिंगमध्ये ठेवतो." दुसऱ्या वेळी म्हणाले, "मीटिंग झाली की." म्हणून आता चारचौघांत लिहितो आहे. क्लबचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. मैदानावरच्या ज्या तंबूत जवळजवळ पन्नास वर्षं बसलो त्याची अब्रू चव्हाट्यावर आणायची हौस मला नाही. शिवाय गिरगावापासून माटुंग्यापर्यंत कितीतरी क्लबांची ऑफिसं अजून जुन्या चाळींच्या तळमजल्यावर आहेत. त्यांतल्या कुणाला हे पत्र आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं, तर ते बरंच होईल.

मी कोण, हे नव्या सभासदांना ठाऊक नसेल. मी क्लबचा स्कोअरर, म्हणजे मॅचचा प्रत्येक बॉल वहीत लिहिणारा. माझे वडील क्लबचे माळी होते. विकेट, म्हणजे खेळपट्टी, तेच बनवायचे. मैदानातच वाढलेला पोरगा म्हणजे खेळणारच, असं सगळे धरून चालले होते. पण बॉल हातातून सुटला की माझे डोळे आपोआप मिटायचे. 1976 च्या पावसाळ्यात, मी चौदा वर्षांचा असताना, त्या वेळचा स्कोअरर गणपतीला कोकणात गेला तो दसरा उलटला तरी आला नाही. कॅप्टनने माझ्या हातात पेन्सिल दिली. ती अजून हातात आहे. मधे पोस्टात नोकरी झाली, लग्न झालं, निवृत्ती झाली. रविवार मात्र क्लबचा राहिला, आणि त्याबद्दल घरी काय काय ऐकून घेतलंय ते इथे लिहीत नाही.

आता झालं काय ते. चाळ पुनर्विकासाला गेली. आपल्या दोन खोल्या मेअखेर रिकाम्या करून द्यायच्या होत्या. पोटमाळ्यावर पत्र्याच्या सहा ट्रंका होत्या आणि त्यांत क्लबची सगळी स्कोअरबुकं होती. त्यातलं सर्वांत जुनं कांगा लीगच्या, म्हणजे मुंबईच्या पावसाळी क्रिकेट स्पर्धेच्या, पहिल्या काही वर्षांतलं, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. एप्रिलमधल्या एका गुरुवारी मी सहज डोकावलो, तर दारात हातगाडी आणि काट्यावर वह्या. दोन ट्रंका रिकाम्या झालेल्या. पहिली खेप आधीच गेली होती. गाडीवर जे उरलं होतं त्यातून सात वह्या मी पैसे देऊन परत घेतल्या. रद्दीवाल्याचा काही दोष नाही. त्याने मला दुकानात बसवून चहा पाजला, दोन दिवस गठ्ठे उपसू दिले, पण पहिली खेप पुढे गोदामात गेली होती. उरलेल्या चार ट्रंका मागच्या खोलीत आहेत आणि त्या खोलीला त्याच संध्याकाळी कुलूप लागलं. रिकाम्या दोन ट्रंका मात्र आपण नीट पुसून ठेवून घेतल्या आहेत. त्या कामाच्या आहेत ना.

माझ्या तक्रारी सांगतो.

पहिली तक्रार एका शब्दाची आहे. ठरावात आपण लिहिलंत, "जुने निरुपयोगी कागद विल्हेवाटीस काढणे." ठराव मांडणाऱ्याने आणि त्याला अनुमोदन देणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी स्कोअरबुक उघडून पाहिलंय का, हा माझा प्रश्न आहे, आणि तो टोमणा म्हणून विचारत नाही. बघणाऱ्याला त्यात ठिपके दिसतात. एका ओव्हरच्या चौकोनात सहा ठिपके, म्हणजे मेडन, एकही धाव न दिलेली ओव्हर. ठिपके जोडून काढलेलं इंग्रजी डब्ल्यू, म्हणजे विकेट घेतलेली मेडन. त्या चौकोनांच्या रांगेतून कोण थकला, कुणाला लवकर काढलं, कॅप्टन कुणावर चिडला होता, हे वाचता येतं. मी आजही 1987 चं एखादं पान उघडून तो दिवस ओव्हर-ओव्हरने सांगू शकतो. यात माझ्या स्मरणशक्तीची थोरवी काही नाही. ते सगळं लिहिलेलंच असतं.

त्यातून आपली मॅच म्हणजे कांगा लीगची. पाऊस आला की खेळ थांबवायचा ही सगळ्या जगाची रीत. मुंबईने 1948 साली खास पावसाळ्यासाठीच लीग काढली, डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने. विकेट झाकायची नाही, आउटफिल्डला घोटा बुडेल एवढं गवत. चौकार मारावा तर बॉल वीस पावलांवर चिखलात रुतून बसतो, म्हणून उचलून मारायला शिकायचं. ज्याने तिथे तीस केले त्याने उन्हाळ्यात शंभर केले असं मैदानातले जुने लोक म्हणायचे, आणि स्कोअरबुकं चाळली की ते का म्हणायचे ते कळतं. आपल्या वह्यांत सबंध टीम चाळीसच्या आत गुंडाळल्याची पानं आहेत, आणि त्याच मॅचमध्ये समोरच्यांना त्याहून कमीत गुंडाळल्याचीही. समासात माझ्या आधीच्या स्कोअररची टिपणं आहेत : "2.10, पाऊस." "2.40, सुरू." "थर्डमॅनला बाजूच्या मॅचचा बॉल लागला, दोन टाके." शाई पावसात फुटते म्हणून पेन्सिल. ती पेन्सिल आता पुसट होत चालली आहे, त्याबद्दल पुढे मागणीत लिहितोच.

आता 'निरुपयोगी'बद्दल आणखी थोडं. रणजीपासून वरच्या प्रत्येक मॅचचा स्कोअर आज कुणालाही मोबाइलवर मिळतो. मुंबईचे स्पिनर पद्माकर शिवलकर यांनी 1973 च्या रणजी फायनलला चेन्नईच्या चेपॉकवर तमिळनाडूचे 16 धावांत 8 आणि दुसऱ्या डावात 18 धावांत 5 घेतले, मुंबईचं ते सलग पंधरावं विजेतेपद, हे शोधायला मिनिट लागत नाही. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधले त्यांचे 589 बळी असेच सापडतात. पण शिवाजी पार्क जिमखान्याकडून ओल्या विकेटवर हा डावखुरा माणूस रविवारमागून रविवार काय टाकत होता, ते कुठल्या मोबाइलवर आहे? ते कुणाच्या तरी ट्रंकेत असेल. दादर युनियनचे विठ्ठल पाटील, ज्यांना सगळं मैदान 'मार्शल' म्हणून ओळखायचं, कसोटी कधी खेळले नाहीत. कांगा लीगमधले त्यांचे बळी सातशेच्या वर आहेत. एकेका रविवारच्या पानाची बेरीज केल्याशिवाय असा आकडा निघत नाही, आणि पानंच नसतील तर बेरीज करणार कशाची?

मुंबईने मार्च 2024 मध्ये बेचाळिसाव्यांदा रणजी करंडक घेतला तेव्हा आपण तंबूत पेढे वाटले, फोटो काढले. त्या 42 च्या खाली काय आहे? दादर युनियन आणि शिवाजी पार्क यांची नावं लोक घेतात, कारण एकीकडे माधव मंत्री, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर आणि दुसरीकडे अजित वाडेकर, रमाकांत देसाई, संदीप पाटील अशी माणसं होती. पण लीगमध्ये फक्त हे दोनच क्लब नव्हते. ए डिव्हिजनपासून जी डिव्हिजनपर्यंत सात पायऱ्या आहेत, आणि आपल्यासारखे क्लब त्या पायऱ्यांवर वरखाली करत राहिले म्हणून वरच्यांना दर रविवारी कुणीतरी समोर मिळत राहिलं. एकदा वर चढलो त्या वर्षी आपला डावखुरा स्पिनर बँकेत शिपाई होता. शनिवारी संध्याकाळी साहेबाने थांबवून घेतलं तर रविवारी सकाळी झोपाळलेला यायचा आणि पहिल्या तीन ओव्हर फुकट घालवायचा. चौथीपासून मात्र त्याला कुणी हात लावू शकत नसे. त्या सीझनची वही मी वाचवलेल्या सातांत आहे, हे माझं नशीब. मुंबईच्या निवड समितीने त्याला कधी पाहिलं नाही. आज त्याचा नातू मला विचारतो, आजोबा खरंच एवढे चांगले होते का? मी त्याला वही दाखवू शकतो. दुसऱ्या कुणाच्या नातवाने विचारलं तर काय दाखवू?

दुसरी तक्रार स्मरणिकेची. अमृतमहोत्सवी वर्षाची स्मरणिका आपण काढता आहात. आर्ट पेपर, चार रंग, जाहिराती भरपूर, सगळं छान. तिचा कच्चा मजकूर मला 'शुद्धलेखन बघा' म्हणून पाठवला, ते मी बघितलं. पान चारवर लिहिलंय की आपले सर्वांत नामवंत खेळाडू क्लबकडून पहिल्याच मॅचमध्ये शतक ठोकून गेले. वहीत त्यांच्या नावापुढे 11 आहेत. त्यातही 6 वर असताना स्लिपमध्ये सोपा झेल सुटला होता. त्यांचं नाव लिहीत नाही. ते हयात आहेत आणि ही गोष्ट स्वतःच हसत हसत सांगतात, झेल सोडणाऱ्याच्या नावासकट. अकरा धावांत लाज वाटण्यासारखं काय आहे? सप्टेंबरातल्या चिखलात, सोळाव्या वर्षी, अकरा केल्या. खोटं शतक छापलंत तर त्या अकरांवर अन्याय होतो, आणि ज्याने त्या दिवशी आपल्याकडून खरोखर सर्वांत जास्त धावा केल्या, 34, त्याच्यावर तर त्याहून मोठा. तो ओपनर होता, त्याची पुढे इलेक्ट्रिकची वर्कशॉप झाली. स्मरणिकेत त्याचं नाव कुठेच नाही. जाहिरात मात्र त्याच्या मुलाकडून मागितलेली आहे.

मी सचिवांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "काका, आता कोण तपासणार आहे?" त्यांच्या दृष्टीने त्यांचं बरोबर आहे. वही रद्दीत गेल्यावर कोण तपासणार.

तिसरी तक्रार लिहायला मला जड जातं, कारण ती घरची आहे.

सत्तरच्या आसपासच्या एका ऑगस्टात लोकल बंद पडल्या आणि आपले नऊच जण मैदानावर पोचले. नऊवर खेळण्यापेक्षा बरं म्हणून कॅप्टनने माझ्या वडिलांना उतरवलं. कुणाचे तरी बूट, कुणाची तरी पँट. मला हे माहीत नव्हतं. 1983 साली सरासऱ्या काढायला जुन्या वह्या चाळत होतो तेव्हा ते पान समोर आलं. दहाव्या नंबरवर बाकी सगळ्यांसारखं आडनाव, आद्याक्षर असं काही नाही. नुसतं लिहिलंय, "माळी". पुढे : नाबाद 3. आणि समोरच्या टीमच्या डावात, त्यांच्या चौथ्या गड्यापुढे : झे. माळी. म्हणजे झेल त्यांनी घेतला.

आमचं आडनाव माळी नाही. रात्री त्यांना विचारलं तर म्हणाले, "खेळलो होतो की. तीन केल्या. चौथी मिळत होती, पलीकडचा हललाच नाही." नावाबद्दल काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. पण त्यानंतर मी लिहिलेल्या एकाही पानावर कुणाचं नाव अर्धं नाही. बदली फील्डर म्हणून आलेल्या कॉलेजच्या पोराला सुद्धा मी हाक मारून आडनाव, आद्याक्षर विचारून घेतो. काही वेळा अंपायर वैतागतात.

हे सांगायचं कारण असं, की क्लबच्या क्रिकेटमध्ये ही चूक आजची नाही आणि छोटीही नाही. दलित समाजातले नामवंत स्पिनर पळवणकर बाळू यांची सुरुवात पुण्यात मैदानावरच्या कामाने झाली. युरोपियनांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर विकेट रोल करायची, नेट लावायचं आणि साहेबांना बॉलिंग टाकायची. त्या बॉलिंगवर साहेब फलंदाजी शिकले. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांची गरज पडली, तेव्हा बरोबर खेळायला चालले, पण चहा पॅव्हेलियनच्या बाहेर आणि वेगळ्या भांड्यात. 1911 साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तिथे त्यांनी 114 बळी घेतले. त्याच संघात डॉ. कांगाही होते, ज्यांच्या नावाची लीग आपण खेळतो. हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना कधी मिळालं नाही. ते 1923 मध्ये त्यांच्या भावाला, विठ्ठल यांना मिळालं. माझ्या वडिलांची आणि बाळूंची बरोबरी मी करत नाही. तीन धावा आणि एक झेल, एवढाच आमचा हिशेब. पण आपण ऑफिसात जो सन्मानफलक लावलाय त्यावर वरच्या पातळीचं क्रिकेट खेळायला गेलेल्यांची पाच नावं आहेत आणि खाली अध्यक्षांची अकरा. इतक्या वर्षांत शंभराहून अधिक मॅच खेळलेला एकही साधा सभासद त्यावर नाही. माळी, स्कोअरर, तंबूवाला यांचं तर बोलायलाच नको. ती माणसं फक्त वहीत आहेत. वडिलांचं ते पान गेलेल्या ट्रंकांत होतं की राहिलेल्या, मला माहीत नाही. वाचलेल्या सातांत ते नाही. खोलीला कुलूप आहे.

चौथी तक्रार साधी आहे. कुणाला विचारलं नाहीत. घरी न्यायला सांगितलं असतं तर मी रिक्षा करून सहाच्या सहा ट्रंका नेल्या असत्या. माझ्या वन-रूम-किचनमध्ये त्या कुठे ठेवल्या असत्या हा माझा आणि माझ्या बायकोचा प्रश्न होता.

पाचवी, पैशाची. खजिनदार म्हणतात की स्कॅनिंगला खर्च येतो. येतो, मान्य आहे. स्मरणिकेच्या प्रकाशनाला हॉल, जेवण आणि शालींवर जो खर्च धरलाय त्याचा आकडा मी इथे छापत नाही, कारण तो सभासदांच्या बैठकीत विचारायचा आहे. एवढंच म्हणतो की दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडा.

कुणी म्हणेल, हा म्हातारा एवढा का तापलाय, जुन्या वह्याच त्या. त्यांना दोन प्रसंग सांगतो. फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, शाळांची हॅरिस शील्ड स्पर्धा. शारदाश्रम शाळेचे विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर, 664 ची अखंड भागीदारी. कांबळी नाबाद 349, तेंडुलकर नाबाद 326. तीन आकड्यांच्या त्या पाढ्यामागे टेबलाशी उन्हात बसून प्रत्येक बॉल लिहिणारं कुणीतरी होतं. अशी भागीदारी चालू असताना स्कोअररच्या मानेची आणि बोटांची काय दशा होते हे मी सांगू शकतो. फलंदाजी आणि गोलंदाजी अशा दोन्ही बाजूंची बेरीज दर ओव्हरला जुळवायची असते, आणि एक धाव चुकली तर 664 चे 663 होतात. दुसरा प्रसंग त्याच्या चार वर्षं आधीचा. 1984 साली हाच सचिन, अकरा वर्षांचा, जॉन ब्राइट क्लबकडून पहिल्यांदा कांगा लीग खेळला. त्या दिवशी ज्याने टीमची नावं लिहून घेतली असतील, त्याला ते एक नाव बाकी दहांपेक्षा वेगळं वाटायचं काही कारण नव्हतं. आपण सगळी नावं सारखीच लिहितो, कारण कोण कुठे जाणार हे त्या सकाळी कुणालाच माहीत नसतं. आपल्या वह्यांत कोण कोण आहे, हे बघायच्या आधीच आपण त्या काट्यावर चढवल्यात.

आणि मैदानावरून अर्ज करणं ही काही मी काढलेली टूम नाही. 1848 साली पारशांनी मुंबईत पहिला देशी क्रिकेट क्लब काढला, ओरिएंटल. पुढे मैदानावर गोऱ्यांचं पोलो सुरू झालं. घोड्यांच्या टापांनी जमीन अशी उखडायची की बॉल सरळ येईना. तेव्हा 1881 साली पारशी आणि हिंदू खेळाडूंनी मिळून सरकारकडे अर्ज केला, नंतर पुन्हा केला, आणि राज्यकर्त्यांशी भांडण मांडलं. हे आपल्याला आज कसं कळतं? शापूरजी सोराबजी नावाच्या एका पारशी क्रिकेटप्रेमीने 1897 साली ते सगळं पुस्तक करून छापून ठेवलं म्हणून. त्या माणसाने कागद जपले नसते तर घोडेवाल्यांची बाजू तेवढी उरली असती.

माझ्या मागण्या अशा आहेत.

उरलेल्या चार ट्रंका एकही वही न हलवता ताबडतोब सभासदांना बघायला खुल्या कराव्यात, आणि 'निरुपयोगी कागद' हा ठराव कार्यकारिणीच्या पुढच्याच बैठकीत रद्द करावा. कुणी माफी मागावी अशी माझी मागणी नाही. ठराव रद्द झाला की पुरे.

पहिली खेप कोणत्या गोदामात गेली त्याची चौकशी क्लबच्या लेटरहेडवर करावी. मी एकटा गेलो तर मला दारातून परत पाठवतात. लेटरहेड असलं की निदान साहेब भेटतो. वह्या मिळतील अशी फार आशा मला नाही, पण विचारायला तरी हवं.

वह्यांची यादी करावी : साल, स्पर्धा, किती पानं शाबूत. हे काम मी फुकट करीन. दोन कॉलेजची मुलं मदतीला येतो म्हणाली आहेत. त्यांच्या वडापावचा खर्च क्लबने करावा.

यादी झाली की आधी पेन्सिलच्या वह्या स्कॅन कराव्यात. शाईच्या वह्या अजून वीस वर्षं टिकतील, पेन्सिलच्या टिकणार नाहीत. काही पानांवरचे ठिपके मला आताच तिरक्या उजेडात धरल्याशिवाय दिसत नाहीत, आणि त्यात माझ्या मोतीबिंदूचा भाग किती आणि पेन्सिलचा किती, हे मला सांगता येत नाही. स्कॅन झालेल्या प्रतींचा एक संच एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाला द्यावा, म्हणजे पुढच्या कार्यकारिणीला पुन्हा जागेची अडचण आली तरी चिंता नको.

स्मरणिकेचं पान चार दुरुस्त केल्याशिवाय छपाईला जाऊ नये. त्यात 11 लिहावेत आणि त्या दिवशीचे 34 कुणाचे होते तेही लिहावं. त्याच्या मुलाची जाहिरात घ्यायची की नाही, ते मग ठरवा.

सन्मानफलकाला आणखी एक फळी जोडावी. शंभर मॅच खेळलेल्यांची नावं वह्यांतून मी काढून देतो. माळ्यांची नावं पगाराच्या रजिस्टरात असतील, जर ते रजिस्टर रद्दीत गेलं नसेल तर.

आणि शेवटची मागणी माझी एकट्याची. ते पान सापडलं तर त्यावर एक दुरुस्ती करायची परवानगी द्यावी. मूळ अक्षर खोडणार नाही. स्कोअरबुकात खोडत नसतात. 'माळी' तसंच राहील, शेजारी कंसात आद्याक्षर आणि आडनाव घालीन, खाली तारीख आणि माझी सही. ते नाव या पत्रात लिहिलेलं नाही. ते आधी तिथे लिहायचं आहे.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी ऑफिसच्या दाराशी असेन. दोन्ही मुलं येणार आहेत. टॉर्च, रंगवायचे दोन मऊ ब्रश आणि वह्या गुंडाळायला मलमल आम्ही आणतो आहोत. आपल्यापैकी कुणीतरी एकाने किल्ली घेऊन यावं. दहापर्यंत वाट बघीन. साडेदहाला टॉस आहे, मला मैदानावर पोचावं लागेल.

आपला,
क्लबचा स्कोअरर
(1976 पासून)